पणजोबांच्या वेळची वाटणी : एकोणिसाव्या शतकातल्या वाटणीपत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वाड्याची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यात हमखास मोडी कागदांचं एखादं दप्तर निघतं. ते घेऊन लोक येतात. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो : "आमची जमीन किती होती?" त्याचं उत्तर खाली आहेच. पण एकर मोजायच्या आधी वाटणी कोणत्या साली झाली आणि त्या दिवशी घरातलं कोण आधीच वारलेलं होतं, या दोन गोष्टी बघा. एकोणिसाव्या शतकात घरातल्या कितीतरी माणसांचं, विशेषतः बायकांचं, सगळं आयुष्य त्यावर ठरलं.

पुढची उत्तरं मुख्यतः मुंबई इलाख्यातल्या हिंदू एकत्र कुटुंबांबद्दल आहेत. इतरांसाठी वेगळा प्रश्न खाली घेतला आहे.

हातातला कागद वाटणीपत्रच आहे हे कसं ओळखायचं?

वर "श्री", मग शके, संवत्सर, मास, तिथी. त्यानंतर कोणी कोणाला "वाटणीपत्र लिहून दिल्हे ऐसे जे" अशी सुरुवात. पुढे वाट्यांच्या याद्या, शेतांच्या चतुःसीमा, घराच्या खणांची वाटणी, भांडीकुंडी, देणं-येणं, आणि शेवटी साक्षीदार. फारखत असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात एक भाऊ काही घेऊन बाकीच्यावरचा हक्क सोडतो. दप्तरात दोन्ही असतील तर दोन्ही वाचा, कारण वाटणीत राहिलेला तंटा पुष्कळदा फारखतीत मिटलेला असतो.

सह्या बघायला विसरू नका. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची निशाणी असते : शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी. कारकुनानं काढलेलं ते छोटं वर्तुळ म्हणजे त्या कागदासमोर बसलेली एक बाई.

तारीख इसवी सनात कशी आणायची?

शकात ७८ मिळवा. चैत्र ते साधारण पौषापर्यंत हे चालतं, पौषाच्या उत्तरार्धापासून ७९. फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१, शुहूर (अरबी) सन असेल तर ५९९ किंवा ६००. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ते ताडून बघा, कारण मोडीत आकडा फसवतो, नाव फसवत नाही. शके १८०२ ला विक्रमनाम संवत्सर होतं, म्हणजे १८८०-८१.

आमच्याकडे कागदच नाही. मग वाटणी झालीच नव्हती का?

असं धरून चालू नका. तोंडी वाटणी पूर्ण कायदेशीर होती. चार पंच, गावचा पाटील-कुळकर्णी, आणि वाटे पडले की झालं. १ जानेवारी १८६५ पासून शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचा दस्त नोंदवणं सक्तीचं झालं, पण ते लिहिलेल्या दस्ताला लागू होतं. म्हणून खर्च आणि स्टँप वाचवायला पुष्कळ घरांनी तोंडी वाटणीच चालू ठेवली.

"चूल वेगळी झाली म्हणजे वाटणी झाली" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कोर्टं तेवढ्यावर थांबत नसत. जावाजावांचं पटेना म्हणून चुली दोन झाल्या आणि शेत मात्र एकत्रच राहिलं, अशी घरं गावोगाव होती. उलटही घडे. १८६६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानं, मद्रास इलाख्यातल्या एका खटल्यात ठरवलं की प्रत्येकाचा हिस्सा इतका इतका, असं एकदा भावांनी आपसांत पक्कं केलं की कुटुंब विभक्त झालं, मग शेतात बांध पडला असो वा नसो. थोडक्यात, वाटणीला दोन पायऱ्या आहेत. आधी हक्क वेगळा होतो, मग जमीन. दोहोंमध्ये कधीकधी वीस-पंचवीस वर्षं जात, आणि बहुतेक खटले नेमके त्या मधल्या काळातले आहेत.

एकत्र की विभक्त, याला एवढं महत्त्व का?

दोन भाऊ आहेत असं समजा. धाकटा पटकीच्या साथीत गेला, मूलबाळ नाही, बायको वीस वर्षांची.

भाऊ विभक्त झालेले असतील तर धाकट्याचा हिस्सा त्याच्या विधवेकडे येई. मालकी पुरती नव्हे : हयातीपर्यंत उत्पन्न खायचं, विकायचं किंवा गहाण टाकायचं ते फक्त कायद्यानं मानलेल्या गरजेसाठी. तरी शेत तिच्या ताब्यात असे, कूळ तिच्याकडे येई, खंड तिच्या हातात पडे.

भाऊ एकत्र असतील तर धाकट्याचा हिस्सा मरणाच्या क्षणी थोरल्याच्या हिश्श्यात मिळून जाई. विधवेला उरे ते अन्नवस्त्र आणि राहायला जागा.

बाई तीच, मरण तेच. फरक फक्त वाटणी आधी झाली की नाही एवढाच. म्हणून त्या काळच्या निकालांत दीर शपथेवर सांगतो "आम्ही एकत्र होतो" आणि वहिनी सांगते "वेगळे होतो". मग साक्षी निघतात त्या संसारातल्या बारीकसारीक गोष्टींच्या : श्राद्ध कोण कुठे करी, वाण्याकडे खातं एक होतं की दोन, साऱ्याच्या पावत्या कोणाच्या नावावर, मुंजीचा खर्च कोणी उचलला.

दत्तकाचंही तसंच. महाराष्ट्रात विभक्त नवऱ्याच्या विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि तिच्या बाजूनं ही फार मोठी गोष्ट होती. नवरा एकत्र कुटुंबात वारला असेल तर मात्र सासऱ्याची किंवा दिरांची संमती लागे. ज्यांच्या हिश्श्यात भर पडली त्यांनीच ती भर सोडायला "हो" म्हणायचं! आणि १८५६ च्या कायद्यानं विधवेचं पुनर्लग्न कायदेशीर केलं खरं, पण त्याच कायद्यात लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे.

आमच्याच घरातला शके १८०२ चा कागद सांगते. भाऊ तीन. मधले वाटणीच्या आधी दोन वर्षं वारले, मूल नव्हतं. कागदात वाटे दोनच पडले आहेत. जमीन, घर, बैल, गाड्याचं एक चाक मोडकं आहे याचीसुद्धा नोंद, आणि चौथ्या पानाच्या तळाशी अडीच ओळी : वहिनीस सालीना सहा मण जोंधळे, दोन लुगडी, दोन चोळ्या, आणि माजघरालगतची खोली हयातीपर्यंत. खाली बांगडी. वाटणी दोन वर्षं आधी झाली असती तर याच कागदातली तिसरी यादी तिच्या नावची असती. मी मोडी शिकले ती या अडीच ओळींमुळे.

मुलींना आणि आईला काहीच मिळत नव्हतं का?

भाऊ असताना बहिणीला हिस्सा नव्हता. शास्त्रात अविवाहित बहिणीसाठी चौथाई म्हटली आहे, पण व्यवहारात तिचा अर्थ लग्नाचा खर्च एवढाच उरला. वाटणीपत्रात "लग्नाकरिता" बाजूला काढलेली रक्कम किंवा शेत दिसलं तर ते हेच. विभक्त माणसाला मुलगा नाही आणि बायकोही मागे नाही, तर वारसा मुलीकडे जाई. इथे मुंबई इलाखा इतरांहून उदार होता : बंगाल-मद्रासमध्ये मुलीला हयातीपुरताच हक्क, आपल्याकडे पूर्ण मालकी. वतनाच्या, म्हणजे पाटीलकी-कुळकर्णासारख्या वंशपरंपरागत कामाच्या आणि त्याच्या उत्पन्नाच्या, बाबतीत ही वाट १८८६ च्या मुंबई कायद्यानं अरुंद केली. शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडून वतनदार घराण्यातल्या सगळ्या स्त्रियांना पुरुष नातलगांच्या मागे ढकललं.

आईची गोष्ट वेगळी. मुलगे आपसांत वाटून घेऊ लागले की आईला एका मुलाइतका हिस्सा, असं शास्त्रही सांगे आणि कोर्टही मानी. तरी पुष्कळ कागदांत तिचा हिस्सा नसतो, "आईने पाळीपाळीने दोघांकडे राहावे" एवढंच असतं. असं वाक्य आढळलं तर "तेव्हा आईला हक्क नव्हता" असा निष्कर्ष काढू नका. हक्क होता, तो कोणी मागितला नाही किंवा मागू दिला नाही.

थोरल्याला जास्त मिळे का?

कायद्यानं नाही. ज्येष्ठांशाची कल्पना ग्रंथांत उरली होती, वाटे समान पडत. मानाच्या गोष्टी मात्र थोरल्याकडे जात : देवघर, जुनं घर, पाटीलकीचा वडीलपणा, पोळ्याला बैल पुढे काढण्याचा आणि होळीला पहिली पोळी टाकण्याचा मान. एका बैलाच्या जागेसाठी भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात गेले हे वाचून आज नवल वाटतं, पण त्या बैलाच्या जागेवरूनच घराण्याची थोरली पाती कोणती हे गाव ओळखत होतं.

जमीन प्रत्यक्षात कशी वाटत?

सरस-निरस मानानं. हा शब्द आजही दिवाणी दाव्यांत चालतो. काळी, मुरमाड, विहिरीखालची, नाल्याकाठची अशी प्रतवारी करायची आणि प्रत्येकाला प्रत्येक प्रतीतलं थोडं द्यायचं. त्यासाठी शेताचे उभे पट्टे पाडत, म्हणजे वरच्या माळापासून खालच्या ओढ्यापर्यंत प्रत्येकाची पट्टी. मग चिठ्ठ्या टाकत आणि एखाद्या लहान पोराकडून उचलवत, नाहीतर थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं ही रीत. न्यायाची याहून साधी युक्ती मला ठाऊक नाही.

मापं जुनी असतील तर : २० पांड म्हणजे एक बिघा, १२० बिघे म्हणजे एक चाहूर. सर्व्हेनंतरच्या कागदांत एकर-गुंठे येतात, ४० गुंठ्यांचा एकर. जुना बिघा आणि एकर यांचं एकच सरसकट गुणोत्तर लावू नका, काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती.

तंटा कोर्टात गेला आणि हुकूमनामा झाला, तरी सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे कलेक्टरच्या माणसांकडून पाडले जात. ही पद्धत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ मध्ये आजही आहे.

म्हणूनच शेतीचे तुकडे झाले का?

मोठं कारण तेच, आणि सरस-निरस वाटण्याचा तो दुसरा परिणाम. प्रत्येक प्रतीतलं प्रत्येकाला द्यायचं म्हटलं की चार शेतांचे दोन भावांत आठ तुकडे होतात आणि पुढच्या पिढीत सोळा. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये ७. गावात जमीनधारक १५६ आणि तुकडे ७२९. त्यातले ४६३ एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. आज त्याच शिवारात टॉवर उभे आहेत, आणि त्या पाव एकरांच्या वारसांची नावं शोधताना बिल्डरांचे वकील हीच वाटणीपत्रं चाळत असतात.

विहीर, झाड, देव : जे कापता येत नाही ते कसं वाटत?

पाळीनं. विहिरीच्या मोटेची पाळी दिवसांत ठरे आणि कागदात स्पष्ट लिहीत. आंबा-फणसाचं झाड समाईक, फळं हिश्श्यानं. पूजेची आणि जोशीपणाच्या वृत्तीचीही पाळीच, आणि कोर्टांनी ती पाळी खरी मिळकत म्हणून मान्य केली. कोकणात तर अख्ख्या गावची खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा हक्क, हिस्सेदारांत फिरे : यंदा या घराचा माणूस वहिवाटदार खोत, पुढल्या साली त्या घराचा. रत्नागिरीकडच्या कागदांत "आमची पाळी" असं आलं की ते पाण्याचं आहे, पूजेचं की खोतीचं, हे पुढची ओळ वाचून ठरवा.

वतन आणि इनाम वाटता येत असे का?

घरातल्या घरात हिस्से पडत, म्हणून तर कागदांत "तक्षीमदार", म्हणजे हिस्सेदार, येतात. बाहेरच्याला विकण्यावर मात्र १८७४ च्या वतन कायद्यानं घट्ट बंधन घातलं. सरकारी काम एकानं करायचं आणि उत्पन्नात सगळ्यांनी बसायचं, यामुळे "काम कोण करणार" हाच भांडणाचा विषय झाला. इनामाच्या वाटणीत जुडीचा, म्हणजे इनामावरच्या सवलतीच्या साऱ्याचा, बोजा कोणी किती उचलायचा हेही लिहिलेलं असतं. ते कलम वगळून वाचलंत तर हिस्से असमान वाटतील.

कर्ज कोणाच्या माथी?

कर्जही वाटलं जाई, आणि यादीत ते जमिनीनंतर लगेच येतं. बापाचं कर्ज फेडणं हा मुलाचा धर्म मानला जाई. मुंबई इलाख्यात तर बापामागे काही उरलं नसलं तरी मुलगा बांधला जात असे. १८६६ च्या मुंबई कायद्यानं (सातव्या) ते थांबवलं : वारसाहक्कानं जेवढं हाती आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. सावकाराचे आकडे बघताना दामदुपटीचा नियमही लक्षात ठेवा, एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. तुमच्या कागदात व्याज मुद्दलाइतकंच येऊन थांबलेलं दिसलं तर ती चूक नाही.

एक भाऊ मुंबईत नोकरीला होता. त्याचा पगार वाटणीत येई का?

या प्रश्नानं त्या शतकात घरं फोडली. शेतावरच्या भावांचं म्हणणं, तुला शिकवलं आम्ही. नोकरदाराचं म्हणणं, कमावलं मी. मुंबई हायकोर्टानं १८८२ मध्ये एका न्यायाधीशाच्या कमाईच्या वादात ठरवलं की साधं प्राथमिक शिक्षण घरच्या पैशावर झालं एवढ्यावरून कमाई समाईक होत नाही. विशेष विद्येचा खर्च कुटुंबानं केला असेल तर प्रश्न उघडा राही. तो कायमचा मिटला १९३० च्या कायद्यानं, तेव्हापासून विद्येची कमाई ज्याची त्याची.

मुलगा जिवंत बापाकडे वाटणी मागू शकत होता का?

वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच हक्क असल्यामुळे सामान्यतः हो. पण बाप स्वतः आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र असेल तर बापाच्या मर्जीविरुद्ध मुलाला मागता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं. म्हणून आजोबा हयात असतानाचा नातवाचा दावा दप्तरात सापडला तर त्याच्या पुढचा निकाल शोधा, तो बहुधा विरुद्ध गेलेला असेल.

आम्ही हिंदू नाही, किंवा घराणं गोव्याचं आहे. मग?

मुसलमान घरांत कुराणातले ठरलेले हिस्से, मुलाच्या निम्मं मुलीला. मात्र मुंबईतल्या खोजांना १८४७ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या रूढीप्रमाणे हिंदू पद्धत लागू केली आणि मुलींचा हिस्सा गेला. पारशांसाठी १८६५ चा स्वतंत्र कायदा होता : बापाच्या मिळकतीत मुलाला मुलीच्या चौपट, विधवेला मुलाच्या निम्मं.

गोव्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली. मुलगा-मुलगी समान वारस, लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सामान्यतः निम्मी-निम्मी, आणि मृत्युपत्र केलं तरी दोन तृतीयांश भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव. हिंदूंसाठी १८८० मध्ये काही रूढी राखून ठेवल्या गेल्या, तरी पाया तोच राहिला. माझ्या घरातला अडीच ओळींचा कागद १८८० चा आहे. त्याच साली तेरेखोल नदीपलीकडे कायदा इतका निराळा होता.

संस्थानिकांच्या घरातही अशीच वाटणी होई का?

बहुधा नाही. गादी थोरल्याकडे आणि धाकट्यांना नेमणूक, हीच रीत. पटवर्धनांचं मिरज हा ठळक अपवाद. १८२० मध्ये इंग्रजांच्या संमतीनं त्याच्या चार वाटण्या झाल्या, आणि त्यातल्या दोन पुरुष वारस नाही म्हणून १८४२ आणि १८४५ मध्ये कंपनी सरकारात जमा झाल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती तेवढी उरली.

आणखी कागद कुठे शोधायचे?

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्तांच्या सूची असतात, गाव आणि साल साधारण माहीत असेल तर तिथून सुरुवात करा. इनामदार घराणं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे घराण्यांना सनदा आणि वंशावळी दाखल कराव्या लागल्या, त्यामुळे घरात नष्ट झालेली वंशावळ तिथे मिळण्याचा संभव असतो. क्षेत्राचे बांध लागण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातले फाळणीचे, म्हणजे पोटहिस्से पाडल्याचे, जुने नकाशे. आणि हात जोडून सांगते, मूळ कागद लॅमिनेट करू नका. सपाट ठेवा, उजेडात फोटो काढा, सेलोटेप लावू नका.

असा कागद दाखवून आज हिस्सा मागता येईल का?

झालेली वाटणी सहसा उकरता येत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मानं हक्क दिला, पण २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना तिनं हात लावलेला नाही. जो भाग तेव्हा समाईक ठेवला होता, म्हणजे विहीर, खळं, गोठ्यामागची जागा, त्याचा प्रश्न मात्र जिवंत असू शकतो. त्यासाठी वकिलाकडे कागदाचं मोडीवाचन करूनच जा.

वंशावळ करताना या कागदातून काय काय उतरवू?

प्रत्येक पुरुषापुढे तो वाटणीच्या आधी वारला की नंतर ते लिहा. अन्नवस्त्राचं कलम जसंच्या तसं उतरवा, मणासकट आणि लुगड्यांसकट. साक्षीदारांची नावं घ्या, त्यांत बहुधा सोयरे निघतात. आणि बांगडीची निशाणी असेल तर तिच्या शेजारी लिहिलेलं नाव शोधा, कारकून ते बहुधा घाईत आणि बारीक लिहितो. आमच्या वंशावळीत मधल्या भावाच्या पुढे "निर्वंश" एवढंच होतं. मागच्या दिवाळीत मी त्याच्याशेजारी एक चौकट काढली. तिच्यात काकूंचं नाव, शके १८०२, आणि माजघरालगतची खोली.